गळक्या नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी नको

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील भात उत्पादक व घाटावरून आलेले कापूस-ज्वारी उत्पादक यांच्या एकत्र बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवता यावे म्हणून छापत आहोत.)



आज आपण ज्या मुलखात बसलो आहोत तो नळांचा मुलूख आहे. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले आणि तेव्हापासून शहापूरचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला चालले आहे. मग भातसा आले. मुंबई आज जे पाणी पिते त्यात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळा लागला की बाया हंडे मांडून टँकरची वाट बघत बसतात. मुंबईचा नळ फुटला तर रातोरात माणसे धावतात, यंत्रे येतात, वेल्डिंगचा उजेड पडतो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. शेतकऱ्याच्या गाडीची करंगळीएवढी नळी फुटली तर कोण धावतो? कोणी नाही. तो स्वतःच गाडीखाली शिरतो, सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधतो आणि देवाचे नाव घेऊन निघतो.

त्या करंगळीएवढ्या नळीबद्दल आज बोलायचे आहे. काही जणांना वाटेल, भावाच्या लढाईची बैठक सोडून हे काय मिस्त्रीकाम काढले? वाटू द्या. काल रात्री आम्ही इथे येत होतो तेव्हा या बैठकीला वक्ताच न उरण्याची वेळ आली होती.

कसाऱ्याच्या पायथ्याशी

आम्ही सहा जण जुन्या डिझेल जीपने येत होतो. कसारा घाट उतरताना डिझेलचा वास येऊ लागला. कोणी म्हणाले, पुढच्या ट्रकचा असेल. घाटात वास यायचाच, म्हणून आम्ही तसेच पुढे आलो. पायथ्याशी चहाला थांबलो तेव्हा गाडीखाली ओल दिसली. टाकीच्या डोक्यावरून इंजिनाकडे जाणारी काळी प्लॅस्टिकची नळी, जिथे ती चासीच्या पत्र्याच्या कडेला घासते तिथे चिरली होती. डिझेल ठिबकत होते आणि वाऱ्याने सायलेन्सरच्या बाजूला उडत होते.

आता पुढचे ऐका, कारण चूक आमचीच आहे. आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे, शेतकऱ्यांना औषध फवारताना तोंडाला फडके बांधा म्हणून सांगत हिंडतो. आमच्यातल्या एकाने ट्यूबची पट्टी काढली, दुसरा टाकी आणि चासी यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून चाचपडू लागला, आणि तिसऱ्याने नीट दिसावे म्हणून खिशातून काडेपेटी काढली. चहावाल्या बाईंनी आरडाओरडा केला म्हणून ती काडी पेटली नाही. "अहो, घरी बायकामुलं हायत ना?" एवढेच त्या म्हणाल्या. सहा शिकलेल्या माणसांना शहाणपण त्या बाईंनी शिकवले.

नवा रस्ता, जुनी गाडी

हा विषय आजच का? नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना हा सगळा कोरडवाहू कापसाचा पट्टा आता ७०१ किलोमीटरच्या एका रस्त्याने या शहापूर तालुक्याला येऊन भिडला आहे. इगतपुरीकडून सह्याद्रीच्या पोटात शिरलेला जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा शहापूर तालुक्यातच बाहेर निघतो. मुरबाडच्या बाजूला माळशेज घाट आहे, तिथून जुन्नर, ओतूरचा माल कल्याणला उतरतो. रस्ते नवे झाले. पण त्यावर चालणारी शेतकऱ्याची गाडी तीच, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेली. तासन्‌तास एका वेगाने पळवलेले इंजिन तापलेले असते, घाटात ते आणखी तापते. नळी चिरायला आणि चिरलेली नळी पेटायला याहून सोयीचा प्रसंग नाही.

आणि डिझेल पेटत नाही, ही समजूत आधी डोक्यातून काढा. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. २५ माणसे जळून गेली. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ ला यवतमाळहून मुंबईला निघालेली बस नाशिकजवळ पेटली, त्यात १२ गेली. हे दोन्ही अपघात धडकेचे होते, नळी गळण्याचे नव्हते, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण डिझेल किती झपाट्याने माणूस खाते ते यात दिसले.

शास्त्र असे आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेते. आपल्या देशाच्या मानकात डिझेलचा हा अंक किमान ३५ अंश इतका आहे. वैशाखात वर्ध्याला, अकोल्याला ४५ अंश ऊन असते. म्हणजे उन्हात उभ्या गाडीखाली सांडलेले डिझेल ठिणगीची वाट बघत बसलेले असते. शिवाय बारीक भोकातून फवाऱ्यासारखे उडालेले डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर पडले तर ठिणगीचीही गरज उरत नाही. आणि वर गाडीत काय भरलेले असते? कापूस नाही तर कडबा. कडब्याची गाडी विजेच्या तारेला लागून पेटलेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. वरून पेटली तर निदान दिसते. खालून पेटलेली कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

नळी का फुटते?

जुन्या गाड्यांत तांब्याची किंवा लोखंडाची नळी असायची. आता बहुतेक गाड्यांत नायलॉनची असते. ती हलकी असते, गंजत नाही. पण तिचे चार शत्रू आहेत आणि चारही आपल्या घरचेच आहेत.

पहिला शत्रू उंदीर. गाडी आपण कुठे लावतो? सरकीच्या ढिगाशेजारी, ज्वारीच्या पोत्यांशेजारी. उंदीर दाण्याला येतो आणि दात घासायला नळीवर बसतो.

दुसरा शत्रू घासणे. नळीला जागेवर धरणारी क्लिप तुटते, आपण तिच्या जागी बांधणीची तार वळतो. तार नळीत रुतते, किंवा नळी सुटून पत्र्याच्या कडेला घासते. आमच्या जीपचे हेच झाले होते.

तिसरा शत्रू बॅटरीचे ॲसिड. नायलॉनला ॲसिड सोसत नाही. बॅटरीखालून नळी जात असेल आणि थेंब पडत असतील तर ती कडक होते, तडकते.

चौथा शत्रू उष्णता. सायलेन्सरला खेटलेली नळी आधी मऊ पडते, मग वर्षा-दोन वर्षांत काडीसारखी कडकडीत होते. जुनी नळी बोटाने हलकेच वाकवून पाहा. पांढरी रेघ उमटली तर तिचे दिवस भरले.

आणखी एक खूण सांगतो. डिझेल गाडीत टाकीकडून पंपाकडे जाणारी नळी पुष्कळ गाड्यांत ओढीवर चालते. तिला बारीक चीर गेली तर चालू गाडीत डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, चालता चालता आचके देते, फिल्टरमध्ये बुडबुडे दिसतात. आपण बॅटरीला शिव्या देतो आणि दोष नळीत असतो. म्हणून गाडी वारंवार 'एअर धरू' लागली तर आधी नळी बघा.

जुगाडाचे कौतुक पुरे

शहरात हल्ली शेतकऱ्याच्या जुगाडाचे फार कौतुक होते. त्यावर परिसंवाद भरतात. आम्ही म्हणतो, जुगाड ही शेतकऱ्याची हौस नव्हे. कापूस वेचून गाडीत भरला आहे, बाजारात भाव आज आहे आणि उद्याचा भरवसा नाही, नवी नळी तालुक्याला मिळत नाही, जिल्ह्याला मागवली तर चार दिवस लागतात, आणि घामाचे दाम न मिळाल्याने खिशात जास्तीचा पैसा नाही. अशा माणसाने ट्यूबची पट्टी नाही बांधायची तर काय करायचे? त्याला अडाणी म्हणणाऱ्याने एकदा त्याच्या जागी उभे राहून बघावे.

हे सगळे खरे. पण आग ही सरकार नाही. तिला निवेदन देता येत नाही, तिच्यापुढे धरणे धरता येत नाही. नाइलाज होता म्हणून ती कोणाला सोडत नाही. म्हणून आपला आपणच भेद करायला शिकले पाहिजे, कुठला जुगाड गाडी घरी आणतो आणि कुठला तिरडी आणतो.

ट्यूबची पट्टी तेलात फुगते आणि सैल पडते. एम-सील, चिकटवायचे डिंक तेलकट नायलॉनला धरत नाहीत. फवारणी पंपाची नळी डिझेलमध्ये काही दिवसांत लाकडासारखी ताठ होते. ठिबकची नळी मऊ पडते. ती पाण्यासाठी बनवली आहे, तेलासाठी नाही. उदबत्तीने, तापल्या सळईने किंवा डाग देण्याच्या यंत्राने नळीचे भोक वितळवून बुजवणारे महाभागही आहेत. त्यांना आमचा हात जोडून नमस्कार, त्यांनी ते करण्याआधी गाडीपासून पोरांना दूर न्यावे. जुने ड्रायव्हर लोखंडी टाकीच्या पाझराला अंगाचा साबण दाबून गॅरेज गाठायचे. तो टाकीचा उपाय होता. नळीला तो लागू नाही.

आधी हे ओळखा, हात लावायचा की नाही

तीन ठिकाणी आपण हात लावायचा नाही.

एक, सीएनजीची नळी. टाकीत २०० बारचा दाब असतो. टाकीवरचा कॉक बंद करा, दूर व्हा, जाणकार बोलवा.

दोन, नव्या डिझेल गाड्यांतल्या पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या लोखंडी नळ्या. त्यांत १००० ते २००० बार दाब असू शकतो. तिथली धार बोट लावून शोधू नका. ती कातडीतून सुईसारखी आत शिरते. सुरुवातीला दुखत नाही, लाल ठिपका दिसतो, आणि मग बोट किंवा हात गमवायची पाळी येते. असे झालेच तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा आणि 'दाबाचे डिझेल आत गेले आहे' हे शब्द डॉक्टरांना सांगा.

तीन, इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीची दाबाची नळी. तिच्यात ३-४ बार दाब असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेहून जास्त. ती जोडायची नसते, अख्खी बदलायची असते, तीही जाणत्या हाताने. गाडी ओढून न्या.

उरली डिझेल गाडीची टाकी ते फिल्टर ही कमी दाबाची नळी आणि परतीची नळी. ट्रॅक्टरच्या इंजेक्टरवरची बारीक परतीची नळीही त्यातच आली. हे काम शेतकरी करू शकतो. पण रीत आहे.

अडचणीच्या जागेत काम

नळी नेमकी तिथेच फुटते जिथे हात जात नाही. टाकीच्या वर, हौद्याच्या खाली, इंजिनाच्या मागे. अपघात होतात ते याच जागी, कारण माणूस आडवा पडलेला, तोंड वर, डोळ्यांत तेल, उजेड नाही आणि पळायला वाट नाही. म्हणून पहिला नियम असा, की फटीत हात घालण्यापेक्षा फट मोठी करा.

गाडी उघड्यावर, सपाट जागी घ्या. घाटातल्या उतारावर गाडीखाली शिरायचे नाही, मग कोणी कितीही घाई करो. शेडमध्ये नको, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात तर मुळीच नको. तेलाची वाफ हवेहून जड असते, पेट्रोलची तर तीन-चार पटींनी. ती खड्ड्यात पाण्यासारखी साठते. माणूस खड्ड्यात उतरतो तो त्या वाफेत उतरतो.

इंजिन बंद करून सायलेन्सर हाताला गार लागेपर्यंत थांबा. या वेळात चहा प्या, पण बिडी नको. बॅटरीची ऋण बाजूची, म्हणजे काळी वायर सोडा. टाकीचे झाकण उघडून कोंडलेली हवा जाऊ द्या आणि झाकण परत बसवा. चाकांना पुढून-मागून उटी लावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर जायचे नाही. खाली लाकडाचे जाड ठोकळे द्या. विटा आणि दगड देऊ नका, ते न सांगता फुटतात.

टाकीतले तेल उतरवा. तोंडाने ओढू नका. ही सवय आपल्या गावोगाव आहे. एक घोट छातीत उतरला तर फुप्फुस सुजते. कोणी गिळलेच तर उलटी करवू नका, दवाखान्यात न्या. हातपंपाने काढा, लोखंडी डब्यात काढा, डबा जमिनीवर ठेवून काढा. प्लॅस्टिकच्या बादलीत नको. टाकी पाव भागाच्या आत आली की तिच्याखाली फळी आणि जॅक द्या, पट्टे सैल करा आणि टाकी चार बोटे खाली घ्या. एवढ्यानेच हात मोकळा जातो. ज्या कामाला दोन तास चाचपडलो असतो ते पाऊण तासात होते. टाकी उतरवायचा कंटाळा करणारा माणूस दोनदा काम करतो.

उजेडाला एलईडीची विजेरी, डोक्याला बांधायची असेल तर उत्तम. गाडीखाली जाण्याआधीच ती चालू करा. वायरचा पिवळा बल्ब नको, त्यावर तेलाचा थेंब पडला की काच फुटते. अंगात सुती कपडे, डोळ्यांना फवारणीचा चष्मा. बाहेर एक माणूस उभा हवा, त्याच्या हाती कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे, बाजूला वाळूच्या दोन पाट्या. त्याने दुसरे काही करायचे नाही. पाणी उपयोगाचे नाही, पेटते तेल पाण्यावर तरंगत पसरते.

धाव बसवतो तशी नळी बसवा

आता जोड. म्हातारे शेतकरी इथे बसले आहेत त्यांना हे लगेच कळेल. मुरबाड तालुक्यात म्हसाची यात्रा भरते, पौषात, बैलांचा मोठा बाजार असतो. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांनी चाकावर धाव चढवताना पाहिली असेल. लोहार लोखंडी धाव लालबुंद तापवायचा, ती फुगायची, मग लाकडी चाकावर बसवून वर पाणी ओतायचा. धाव आकसायची आणि चाक असे आवळायची की खिळ्याची गरज नसे. नायलॉनच्या नळीचे तत्त्व तेच आहे, फक्त विस्तवाच्या जागी गरम पाणी.

चिरलेला भाग दोन्ही बाजूंनी निरोगी नळी लागेपर्यंत कापून टाका. धारदार पात्याने, काटकोनात. करवतीच्या पात्याने भुसा पडतो आणि तो इंजेक्टरमध्ये जातो. नळी चिमटून किंवा मुडपून तेल थांबवायला जाऊ नका, ती घडीवर तडकते. कापलेल्या तोंडाला लगेच बूच लावा, नाहीतर टाकी वर असेल तर तेल आपोआप ओढले जाऊन वाहतच राहते. नव्या नळीचा तुकडा त्याच मापाचा, इंधनासाठी म्हणून छापलेला घ्या. जोडायला दोन्ही टोकांना काटे असलेली जोडनळी घ्या, आतल्या मापाची.

अर्धे काम बाहेर करा. नव्या तुकड्याच्या दोन्ही टोकांत जोडनळ्या बाहेर बसून बसवा. चहाच्या किटलीतले उकळते पाणी घ्या, चूल गाडीपासून लांब ठेवा. नळीचे टोक अर्धा-एक मिनिट पाण्यात धरा, बाहेर काढा, स्वच्छ डिझेलचा एक थेंब लावा आणि काटे पूर्ण आत जाईपर्यंत सरळ दाबा. पिळू नका. गार झाली की ती धावेसारखी आवळते. मग गाडीखाली फक्त दोन टोके दाबायची उरतात. तिथे स्टीलच्या पेल्यात गरम पाणी वर धरा. ज्योत, हीटर, लायटर काही नको.

नुसती रबरी नळी नायलॉनवर चढवून जुबली क्लिप आवळली तर ती आज टिकेल आणि उद्या निसटेल. गुळगुळीत नायलॉनवर रबराला धरायला काही नसते, आणि जास्त आवळले तर आतली नळी चेपते. रबर वापरायचेच असेल तर मध्ये काट्यांची जोडनळी हवी.

काही नळ्यांच्या टोकाला खटक्याचे जोड असतात. ते उघडताना आधी धूळ पुसा, जोड आत ढकला, खटका दाबा, मग ओढा. स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. परत बसवताना टक असा आवाज आला पाहिजे, आणि आल्यावरही एकदा ओढून बघा.

शेवटी नळी क्लिपांत बसवा, सायलेन्सरपासून वीतभर दूर ठेवा, पत्र्याच्या कडेला रबराची गादी द्या. तार बांधू नका. टाकी वर घ्या, बॅटरी जोडा, फिल्टरवरच्या हातपंपाने एअर काढा. सांडलेले तेल वाळूने टिपा, तेलाची फडकी गाडीत कोंबू नका. मग इंजिन चालू करा आणि जोडाला कोरडा कागद लावून पाहा. ओला झाला तर बंद. कोरडा राहिला तर पाच किलोमीटर जा, थांबा, परत बघा. हा जोड गाव गाठायला आहे. हंगाम संपला की अख्खी नळी नवी टाका.

आणि पेटलीच तर

आधी माणूस बाहेर. कापूस जळू द्या. वर्षाची मेहनत जळताना पाहणे सोपे नाही, आम्ही त्याच घरातले आहोत. पण पुढच्या वर्षी पेरायला माणूस उरला पाहिजे. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते भसकन उघडू नका, वारा मिळाला की भडका होतो. वाऱ्याकडे पाठ करून पावडर ज्वाळेच्या मुळाशी मारा. बोगद्यात नुसता वास आला तर गाडी बाहेर काढा. ज्वाळा दिसली आणि गाडी बाहेर निघण्यासारखी नसेल तर कडेला थांबवा, इंजिन बंद करा आणि सगळे चालत बाहेर पडा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे गार पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, राख काही लावू नका.

ठराव नको, पेटी हवी

आपल्या बैठकीत ठराव फार होतात. आज ठराव नको. प्रत्येक तालुका शाखेने एक लोखंडी पेटी करावी. तिच्यात दोन-तीन मापांच्या जोडनळ्या, दोन मीटर इंधनाची नळी, क्लिपा, बुचे, धारदार पाते, हातपंप, डोक्याची विजेरी, चष्मा, लाकडी ठोकळे आणि पावडरचे नळकांडे. एका गाडीला हा खर्च जड आहे, चाळीस गाड्यांत तो कोणाला कळणारही नाही. प्रत्येक गावातल्या दोन पोरांनी, आणि मुलींनीही, हे काम एकदा भंगारातल्या गाडीवर करून बघावे.

आपण तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागतो. बियाणे कोणते पेरायचे ते शेतकरी ठरवील, असे आपण सरकारला ठणकावतो. ते बरोबरच आहे. पण स्वातंत्र्य मागणाऱ्याला आपल्या हातातले यंत्र कळलेच पाहिजे. ज्याला आपल्या गाडीची नळी कळत नाही तो प्रत्येक घाटात कोणाच्या तरी दयेवर असतो.

आमची जीप अजून कसाऱ्याच्या पायथ्याशी उभी आहे. आम्ही काल रात्री एका टेंपोत बसून आलो. बैठक संपली की इथले दोन मिस्त्री आणि आम्ही तिकडे जाणार आहोत. टाकी उतरवायची आहे. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी बरोबर चला. काडेपेट्या मात्र इथेच काढून ठेवा, आणि चहा त्याच बाईंकडे घ्यायचा आहे.